शेवटच्या रांगेचा हिशोब

सपाट मैदानात खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण पावणेचार फुटांवर असतात. सतरंजीवर मांडी घालून बसलेल्याचे अडीच फुटांवर. रंगमंच किती उंच, किती रुंद आणि कुठे, हे ठरवायला या दोन आकड्यांपासून सुरुवात करावी लागते. प्रत्यक्षात ती बहुधा मागच्या पडद्यापासून होते. डेकोरेटरला फोन जातो, 'चाळीस बाय वीसचा बॅकड्रॉप आणि पाच फूट स्टेज' अशी ऑर्डर दिली जाते, आणि समोर माणसे किती, ती कशावर बसणार, मंचावर नाच आहे की गाणे, हे सगळे सांगायचे राहूनच जाते. मग कार्यक्रमाच्या संध्याकाळी सातव्या रांगेतली माणसे खुर्च्यांवर उभी राहतात आणि त्यांच्या मागची घरी जातात.

उंचीचे गणित

पाच फुटी मंचाची आवड मोठी आहे. लांबून तो भारदस्त दिसतो, फोटोत चांगला येतो. पहिली रांग त्याच्यापासून दहा फुटांवर मांडली असेल, तर त्या रांगेतल्या माणसाची नजर मंचाच्या कडेवरून तिरपी वर जाते. कडेपासून बारा फूट आत बसलेल्या गायकाजवळ ती पोहोचते तेव्हा मंचाच्या फळीपासून दीड फूट वर गेलेली असते. म्हणजे तबला-डग्गा दिसत नाही, आणि तिथे नर्तकी असेल तर गुडघ्याखालचा सगळा भाग कापला जातो. कथक किंवा लावणी पाहायला आलेल्या माणसाला, तेही पहिल्या रांगेत बसवून, पायच दाखवायचे नाहीत, असा हा प्रकार होतो. मानाच्या पाहुण्यांना याच रांगेत बसवतात.

मंच दोन फुटांवर आणला की पुढच्यांचे भागते, पण मागच्यांचे हाल सुरू होतात. खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोके सव्वाचार फुटांपर्यंत जाते. मंचावरचा कलाकारही बसलेलाच असेल, तर तिसऱ्या-चौथ्या रांगेपासून मागे समोरच्यांची डोकी तेवढी दिसतात. त्यामुळे नाचासाठी तीन ते साडेतीन फूट उंची आणि पहिली रांग बारा-पंधरा फूट मागे, अशी तडजोड करावी लागते. बैठकीच्या गाण्यासाठी तेवढ्याच उंचीच्या मंचावर फूट-दीड फुटाचा वेगळा चौथरा मांडतात. त्यावर गादी, पांढरी चादर, बाजूला तानपुरे. चौथऱ्याचा खर्च फार नसतो, आणि शेवटच्या रांगेला तोच उपयोगी पडतो.

दुसरा मार्ग प्रेक्षकांना खाली बसवण्याचा आहे. पुण्यात १९५३पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात पुढे भारतीय बैठक आणि मागे खुर्च्या अशी मांडणी असते. ती परंपरा म्हणून टिकली असली, तरी तिच्यात नजरेचा हिशोबही नेमका बसतो: पुढची माणसे सव्वा फुटाने खाली गेली की मागच्यांसाठी मंच आपोआप तेवढा वर येतो.

तिसरा मार्ग जमिनीलाच हात घालण्याचा. पूर्व विदर्भात, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत, धानाची कापणी झाली की शेतात नाटकाचे मांडव उभे राहतात. वडसा म्हणजे देसाईगंज हे या रंगभूमीचे केंद्र. तिथल्या नाटक कंपन्या हंगामभर गावोगाव जातात, प्रयोग रात्री सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. गावचे मंडळ मांडवाची जागा तयार करते, तेव्हा अनेक ठिकाणी प्रेक्षकांच्या जागेतली माती खणून उतार काढतात. मंचाजवळचे लोक खोलात बसतात, मागचे उंचावर. बांधीव नाट्यगृहातला चढता मजला जे काम करतो, ते इथे फावड्याने होते. शहरातल्या मैदानात ही मुभा नसते, पण नैसर्गिक उतार असलेले मैदान निवडायची मुभा असते, आणि ती सहसा कोणी घेत नाही. मंच उताराच्या पायथ्याशी बांधला तर निम्मे प्रश्न आधीच सुटतात.

खेळ तसा मंच

सिंधुदुर्गातल्या जत्रांमध्ये दशावताराचा खेळ देवळाच्या सभामंडपात किंवा आवारात होतो. मंचावर एक बाकडे असते. तेच सिंहासन, तोच पर्वत, लागेल तेव्हा तोच रथ. बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज. जत्रांच्या दिवसांत कंपनीला आज या गावी तर उद्या दुसऱ्या गावी खेळ करायचा असतो, सामान पेटाऱ्यांत मावेल इतकेच. संहिता लिहिलेली नसते, संवाद नट तिथेच रचतात, त्यामुळे एकमेकांच्या डोळ्यांत पाहण्याइतके जवळ असणे त्यांची गरज असते. पंधरा फूट रुंदी त्यांना पुरते. हाच खेळ महोत्सवाच्या चाळीस फुटी मंचावर आणून मागे झगमगती एलईडी वॉल लावली, की दोन नटांमधले अंतर वाढते आणि बाकडे हरवते. मोठा मंच देणे हा सन्मान वाटतो, पण खेळाच्या दृष्टीने ते नुकसान असते.

तमाशाची गरज वेगळी. गण आणि गवळणीला नाचणाऱ्यांची रांग लागते, मागे ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झील धरणारे उभे असतात, सोंगाड्या पुढे माइकपाशी येतो आणि नंतर वगाला दरबार, जंगल, रणांगण असे सगळे काही लागते. म्हणून मंच रुंदही हवा आणि खोलही. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच यात्रेची सुपारी द्यायला येतात. सुपारीचा खेळ गावाच्या मोकळ्या जागेत सर्वांसाठी असतो. तंबूचा फड मात्र तिकिटावर चालतो. त्याला स्वतःचा तंबू, भोवती कनात, जनरेटर आणि ट्रकमधून नेता येईल असा मंच बाळगावा लागतो. कनातीचे काम फुकट्यांना बाहेर ठेवण्याचे आहेच, पण तिच्यामुळे प्रेक्षक किती खोलवर बसू शकतात हेही ठरते. तंबू लांबट असेल तर मागच्यांना आवाज कमी पोहोचतो. रुंद असेल तर कडेच्यांना मंचाची एकच बाजू दिसते. सुपारी घेताना फडाचे मालक जागेची चौकशी बारकाईने करतात: ट्रक कुठपर्यंत येईल, लाइट कुठून मिळेल, चढ कुठल्या बाजूला आहे.

व्यावसायिक नाटकाचे नेपथ्य दुसऱ्याच अडचणीतून घडले. मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत दिवसाला सकाळ, दुपार, रात्र असे तीन प्रयोग लागतात, तेही बहुधा वेगवेगळ्या नाटकांचे. आधीच्या नाटकाचा सेट निघाल्यावर पुढचा उभा करायला मिळणारा वेळ तुटपुंजा. म्हणून लाकडी चौकटीवर कापड ताणलेले हलके फ्लॅट, मागून टेकू, घडी होणाऱ्या लेव्हल आणि दोन-तीन नाट्यगृहांच्या मापांत बसेल असा आराखडा. १९६२ साली आलेल्या 'तो मी नव्हेच'मध्ये न्यायालय आणि आरोपी लखोबाच्या भूतकाळातली वेगवेगळी ठिकाणे यांत सतत ये-जा होती. पडदा पाडून सेट बदलत बसले असते तर खटल्याची पकड सुटली असती. त्या नाटकासाठी फिरता रंगमंच वापरला गेला आणि दौऱ्यावरही नेला गेला. १९७२च्या 'घाशीराम कोतवाल'ने उलट टोक गाठले. ब्राह्मणांची रांग हाच पडदा, तीच भिंत, तीच पुण्याची गर्दी. सामान जवळपास नाही, पण नटांना एका ओळीत उभे राहून पुढे-मागे होता येईल अशी रुंदी आणि मोकळी फळी हवीच. त्यानंतर दोन वर्षांनी दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार'ची प्रायोगिक चळवळ सुरू झाली. तिथे प्रेक्षक हाताच्या अंतरावर होता, आणि मोठ्या नाट्यगृहात चालणारा अभिनय तिथे चालत नव्हता.

'जाणता राजा'सारख्या महानाट्याचे गणित या कशातच बसत नाही. बहुमजली किल्ला, दोनशेच्या आसपास कलाकार, हत्ती, घोडे, उंट आणि मैदानभर पसरलेले हजारो प्रेक्षक. एवढ्या अंतरावर नटाचा चेहरा दिसत नाही, म्हणून हालचाल मोठी. प्रत्येकाला माइक लावणे अशक्य, म्हणून संवाद आणि संगीत आधीच मुद्रित केलेले. जनावरांना फळीवर चढवता येत नाही, म्हणून मंचासमोरची जमीनही मंचाचाच भाग. मंचाचा आकार ठरला की अभिनयाची पद्धतही त्याच्या मागोमाग ठरत जाते, हे इथे ठळक दिसते.

खुर्च्यांचा मंच

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक कार्यक्रमांत एक गोष्ट मंचाची रुंदी हमखास ठरवते, आणि ती कलेशी संबंधित नाही. सत्कारमूर्ती, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, उपस्थिती लाभलेले, उपस्थिती लाभणार असलेले आणि आयत्या वेळी मंचावर बोलावले जाणारे, अशा सर्वांच्या खुर्च्या एका ओळीत मांडायच्या असतात. एका खुर्चीला अडीच फूट धरले तर पंधरा मान्यवरांना साडेसदतीस फूट लागतात. पुढे टेबल, त्यावर पुष्पगुच्छ, कोपऱ्यात समई. तासाभराने हे सगळे उचलून त्याच जागी ऑर्केस्ट्रा किंवा एकपात्री लावायचा असतो, आणि उचलाउचलीत माइकच्या वायरी पायाखाली येतात. अनुभवी संयोजक मंचाच्या एका बाजूला सत्कारापुरती छोटी वेगळी लेव्हल बांधतात, किंवा पाहुण्यांना पहिल्या रांगेत बसवून एकेकाला वर बोलावतात. दुसरा उपाय जास्त चांगला आहे. तो कमी वापरला जातो, त्याची कारणे सर्वांना ठाऊक आहेत.

जिने मात्र दोन्ही बाजूंना हवेत, कठड्यासह. हार-तुऱ्यांच्या गडबडीत एकाच जिन्यावरून चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात. नाचाचा कार्यक्रम असेल तर मागच्या पडद्याच्याही मागे माणूस जाईल इतकी वाट ठेवावी लागते. नाहीतर डावीकडून गेलेली नर्तकी उजवीकडून येणार कशी?

फळी आणि पावली

मंच बहुधा चार बाय आठ फुटांच्या प्लायच्या तुकड्यांनी जोडतात. खाली लोखंडी चौकटी किंवा बांबू-बल्ल्या असतात. भारतीय मानकांनुसार सभागृहातल्या मंचाची फळी दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भार पेलेल अशी धरतात. माणसे उभी राहिल्याने एवढा भार सहसा येत नाही. चोवीस बाय वीस फुटांच्या मंचावर पन्नास जण चढले तरी तो चौरस मीटरला पाऊणशे किलोच्या आसपास राहतो. धोका वजनापेक्षा तालातून येतो. अखंड हरिनाम सप्ताहात कीर्तनकाराच्या मागे टाळकऱ्यांच्या रांगा असतात, मृदंग चढत जातो आणि सगळे एकदम पावली टाकतात. पन्नास माणसांचे वजन एकाच क्षणी एकाच दिशेने झुकते, पुढच्या क्षणी उलट दिशेने. उभे खांब हा आडवा झोल घेण्यासाठी नसतात. तो तिरपे दांडे घेतात, आणि घाईत बांधलेल्या मंचात नेमके तेच कमी असतात. मंचाखाली वाकून पाहिले तर दोन मिनिटांत कळते: चौकटींमध्ये तिरपे दांडे नसतील तर त्या मंचावर पावली नको.

पृष्ठभागाचीही निवड असते. पोकळ लाकडी मंच पायाच्या आघाताला साथ देतो, घुंगरांचा आवाज भरदार करतो आणि घोट्यांना सांभाळतो. त्याच पोकळीमुळे डग्ग्याचा आवाज घुमतो आणि ध्वनीवाल्याला तो माइकमध्ये कापावा लागतो. जाड कार्पेट टाकले की कथकचे तत्कार गिळले जातात. दोन प्लायच्या सांध्यात अर्ध्या पैशाइतकाही उंचसखलपणा राहिला तर अनवाणी पायाला तो लागतोच. नर्तकांनी आदल्या दिवशी मंचावर चालून पाहण्याचा आग्रह धरला तर तो नखरा समजू नये.

जमीन, ऊन आणि वारा

देशावरची काळी माती पावसानंतर भुसभुशीत असते. दसऱ्याच्या सुमारास दुपारी पातळीत असलेला मंच रात्री एका कोपऱ्यात इंचभर खचलेला आढळू शकतो. म्हणून खांबांच्या तळाला लाकडी पाट घालून भार पसरवतात, किंवा आधी मुरूम टाकून जागा चोपून घेतात. वाळूत खुंट्या धरत नाहीत, तिथे काँक्रीटचे ठोकळे किंवा पाण्याच्या टाक्या बांधाव्या लागतात. हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन, आणि ती रिकामी नेता येते.

मागचा पडदा जितका मोठा तितका तो शिडासारखा वागतो. चाळीस बाय वीस फुटांच्या फ्लेक्सवर ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्याचा जोर साधारण साडेपाचशे किलोंचा पडतो. वारा ताशी ६० झाला की तोच जोर साडेबाराशेच्या घरात जातो, कारण वेग दीडपट झाला तर दाब सव्वादोनपट होतो. यात्रांचा हंगाम चैत्र-वैशाखातला, आणि वळवाचे वादळही त्याच दिवसांत दुपारनंतर उठते. जाणता मंडपवाला फ्लेक्सला जागोजागी अर्धचंद्राकृती काप देतो, किंवा पडदा अशा गाठीने बांधतो की दोन माणसे मिनिटभरात तो सोडवू शकतील. एलईडी वॉलला काप देता येत नाही. भाड्याने मिळणाऱ्या पॅनेलचे वजन चौरस मीटरला तीसेक किलो धरले, तर चोवीस बाय बारा फुटांची भिंत आठशे किलोंवर जाते, आणि ती उंचावर टांगलेली असते. तिच्यासाठी ट्रसचा हिशोब अभियंत्याकडून लेखी घ्यावा.

संध्याकाळचा कार्यक्रम असेल तर मंच पश्चिमेला नको. प्रेक्षकांच्या डोळ्यांवर मावळतीचे ऊन येते आणि मंचावरचे सगळे काळे दिसते. दिवसाचा असेल तर प्रश्न फक्त दिसण्याचा राहत नाही. १६ एप्रिल २०२३ला खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखोंचा समुदाय भर उन्हात मोकळ्या मैदानात बसला होता. त्यातल्या १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. मंचावर छत घालण्याचा निर्णय कोणालाच सुचवावा लागत नाही. श्रोत्यांवर छत घालायचे तर खर्च अनेक पटींनी वाढतो, आणि तो परवडत नसेल तर वेळ किंवा ऋतू बदलावा लागतो.

आवाज, वीज आणि दहा वाजले

स्पीकरच्या भिंती मंचाच्या दोन कोपऱ्यांत रचल्या की कडेच्या प्रेक्षकांना अर्धा मंच दिसेनासा होतो. त्या मंचाबाहेर, किंचित पुढे आणि उंच टांगल्या तर नजर मोकळी राहते, आणि माइक स्पीकरच्या मागे राहिल्याने शिट्टीही कमी वाजते. मैदान लांब असेल तर मध्येही स्पीकर लागतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटरवरच्या श्रोत्याला मंचावरचा स्वर एक दशांश सेकंद उशिरा पोहोचतो. मधल्या स्पीकरना तेवढाच विलंब लावला नाही तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. तान ऐकायला आलेल्या माणसाला यापेक्षा मोठी शिक्षा नाही.

प्रकाशाची वीज आणि ध्वनीची वीज वेगळ्या फेजवर हवी. डिमरची घरघर तानपुऱ्यात मिसळते, हा तक्रारींतला नेहमीचा प्रकार. जनरेटर वाऱ्याच्या उलट बाजूला, लांब आणि मंचामागे; केबल जमिनीवरून न्यायची तर प्रेक्षकांच्या वाटेवर ती झाकलेली असावी. अर्थिंगसाठी नवा खड्डा करून त्यात पाणी घालावे, जवळच्या लोखंडी कुंपणाला वायर गुंडाळून काम भागवू नये.

ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद ठेवावे लागतात. राज्य सरकारला वर्षातल्या जास्तीत जास्त १५ दिवसांसाठी ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते. सभागृहासारख्या बंदिस्त जागेला यातून सूट आहे. उघड्या मैदानावरच्या तमाशाच्या वगाला आणि सवाईतल्या रात्रभराच्या मैफलींना याचा थेट फटका बसला. म्हणून उघडा मंच की नाट्यगृह, ही निवड करताना कार्यक्रमाची लांबी आधी मोजावी लागते. चार तासांचा खेळ सात वाजता सुरू करून उघड्यावर बसत नाही, आणि कार्यक्रम पत्रिकेत लिहिलेल्या वेळेला सुरू होईल हे धरून चालणारा संयोजक अजून जन्माला यायचा आहे.

मंचाखालची जागा

१४ फेब्रुवारी २०१६च्या रात्री गिरगाव चौपाटीवर 'मेक इन इंडिया' सप्ताहातला 'महाराष्ट्र रजनी' हा कार्यक्रम चालू होता. मंचावर लावणी चालू असताना मंचाखालून आग लागली आणि काही मिनिटांत अख्खा रंगमंच पेटला. कलाकार आणि प्रेक्षक वेळेत बाहेर काढले गेले, जीवितहानी झाली नाही. जागा मोकळी होती आणि माणसांना पांगायला दिशा होत्या, हे त्या रात्रीचे मोठे नशीब. २३ डिसेंबर १९९५ला हरियाणातल्या डबवालीत शाळेच्या बक्षीस समारंभाच्या बंदिस्त मंडपाला आग लागली, तेव्हा तसे नव्हते. चारशेहून अधिक माणसे गेली, त्यांत मुले बहुसंख्य.

मंचाखालची पोकळी झालरीने झाकलेली असते, म्हणून तिथे काहीही ठेवले जाते: रिकामे खोके, उरलेले कापड, रंगाचे डबे, कधी मुक्कामाला राहिलेल्या कामगारांचे अंथरूण. त्यातूनच प्रकाशाच्या केबल जातात. ही जागा रिकामी ठेवणे आणि झालर एका बाजूने उघडता येईल अशी लावणे, यासाठी एक पैसाही लागत नाही. तात्पुरत्या मंडपांसाठीच्या आय. एस. ८७५८ या मानकात मंडपाभोवती मोकळी जागा ठेवायला आणि विजेच्या तारांखाली मंडप न बांधायला सांगितले आहे. सिंथेटिक कापड स्वस्त आणि चमकदार असते, पण पेटले की वितळून थेंबाथेंबाने खाली गळते. समई मंचावर हवी असेल तर ती पडद्यापासून दूर ठेवावी आणि उद्घाटनानंतर खाली उतरवावी, म्हणजे नाचणाऱ्यांच्या ओढणीच्या वाटेत ती येत नाही.

उतरवताना

मंच बांधताना अभियंता, डेकोरेटर, पोलीस, अग्निशमन दल असे सगळे पाहून जातात. उतरवताना कोणी नसते, रात्रीचे बारा वाजलेले असतात, माणसे थकलेली असतात आणि ट्रकवाला भाड्याचे तास मोजत असतो. त्यामुळे क्रम आधी लिहून ठेवावा लागतो: आधी वीज बंद, मग वरचे दिवे आणि स्पीकर, त्यानंतर पडदा आणि ट्रस, सर्वांत शेवटी वजने आणि फळी. वजने आधी काढली तर वरचा सांगाडा मोकळा राहतो. प्रेक्षकांची वाट पूर्ण रिकामी झाल्याशिवाय ट्रक आत घेऊ नये. तमाशाच्या फडाला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी खेळ असतो, म्हणून त्यांची माणसे प्रत्येक दांड्याला खूण करून ठेवतात आणि सामान ट्रकमध्ये उलट क्रमाने भरतात, म्हणजे पुढच्या गावात जे आधी लागेल ते दाराशी येते. भाड्याच्या मंचाला ही शिस्त नसते. शहरात यापुढचा मुद्दा खड्ड्यांचा: रस्त्यावर किंवा मैदानात मांडवासाठी खणलेले खड्डे बुजवले नाहीत तर महापालिका मंडळाकडून दंड घेते. परवानगीच्या कागदावर ते लिहिलेले असते, म्हणून खड्डे न करता उभा राहणारा, वजनांवर टिकणारा मंच थोडा महाग पडला तरी बहुतेक मंडळांना शेवटी तोच सोयीचा ठरतो.